उंबरठा ते बाभूळ

संत्र्याचं साल न फाटता सपाट होत नाही.

*

वेदांत ठोंबरेने समुद्र कधी पाहिलेला नाही. लग्नानंतर गणपतीपुळ्याला जायचं ठरलं होतं, ते राहून गेलं.

*

जमीन मोजायची जुनी शंकू साखळी तेहतीस फुटांची असते. तिचे सोळा आणे पाडलेले असतात. एक आणा म्हणजे दोन फुटांहून बोटभर जास्त.

*

"एक अंक गाळला तर बॅटरी चार महिने जास्त चालते. गाळू या का?"

"गाळू या."

*

सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन झाला की बहुतेक लोक त्याची प्लास्टिकची पन्नी तशीच फेकून देतात. काही जण तिला आधी गाठ मारतात.

*

करंगळी दारात चेंगरली तर बहुधा काळीनिळी होते, आठवड्याने बरी होते. दार कोणी मुद्दाम लावलं असेल तर हाड दोन ठिकाणी मोडतं.

*

"आज ६२६," तेजूने लिहिलं. "आज छान झोप लागेल."

२४.१

कड्याचा कायदा येऊन दोन वर्षं होत आली होती. अमुक बाईच्या पाचशे मीटरच्या आत यायचं नाही, असा हुकूम कोर्टाने एखाद्या माणसाला दिला की त्याच्या घोट्यात एक राखाडी कडं बसवलं जाई. ते किल्लीशिवाय निघत नसे. कडं दर मिनिटाला उपग्रहांच्या मदतीने आपली जागा शोधून काढी आणि मोजणी केंद्राला कळवी. केंद्र त्या बाईच्या फोनची जागा घेई, वजाबाकी करी आणि तिच्या फोनवर एकच आकडा पाठवी: तो आत्ता किती किलोमीटरवर आहे. कुठे आहे ते कळत नसे, कारण कडं घातलेल्या माणसालाही खासगीपण असतं असं कायद्यात लिहिलं होतं. आकडा हिरवा असे. पाचशे मीटरच्या आत आला की लाल होई, तिचा फोन वाजे, ठाण्यातला वाजे, आणि त्याच्या पायातलं कडं असं केकाटे की गल्लीतली कुत्री भुंकायला लागत.

हे वजाबाकीचं गणित प्रांजली काळमेघने लिहिलं होतं. ती पुण्यातल्या ज्या कंपनीत होती, तिने ही कडी बनवली होती. प्रांजली पस्तिशीची, एकटी राहणारी, कामात बुडालेली. तिची धाकटी बहीण तेजस्विनी, घरात तेजू, दारव्ह्याच्या वेदांत ठोंबरेला दिलेली होती. तिथे तिने चार वर्षं काढली. पाचव्या वर्षी उजव्या हाताची करंगळी प्लास्टरमध्ये घेऊन ती धामणखेडला बाबांकडे परत आली. वेदांत आवाज चढवत नसे, शिवी देत नसे. तो फक्त दारं लावत असे.

जून महिन्यात कोर्टाचा हुकूम झाला आणि वेदांतच्या पायात कडं बसलं. प्रांजली चार दिवसांसाठी गावी आली होती. तेजूच्या फोनवर आकडा होता २४.१. दारव्हा ते धामणखेड, सरळ रेषेत.

"मी नागपूरले जाते," तेजू म्हणाली. "एका वसतिगृहात कामाची जागा हाये. राहायची सोय पण हाये."

"तू काऊन पळते? पळायचं तर त्यानं पळावं." प्रांजली गावी आली की तिची पुण्याची भाषा दोन दिवसांत उतरत असे.

"ताई, चोवीस किलोमीटर म्हणजे गाडीवर अर्धा तास."

"पण त्याआधी तुझा फोन वाजेल. पाचशे मीटर काऊन ठेवले माहीत आहे? दार लावायला, बाबांना हाक मारायला आणि ठाण्याची गाडी निघायला तेवढा वेळ पुरतो. आम्ही मोजून पाहिलंय."

"आम्ही म्हणजे कोण? कंपनीनं?"

"मी. अंतराचं गणित माझं आहे, तेजू. त्यात कोणाचा हात नाही."

तेजूने बराच वेळ करंगळी चोळली. थंडी-पावसात ती दुखायची आणि त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं.

"तुझं आहे तर मग राह्यते," ती म्हणाली.

६१२.८

जुलैच्या एका मंगळवारी ती २४.१ वर झोपली आणि बुधवारी सकाळी फोन उघडला तर ६१२.८. तिला वाटलं फोन बिघडला. बंद करून चालू केला. ६१२.८.

दुपारी दारव्ह्याच्या एका मैत्रिणीकडून कळलं की वेदांत गाव सोडून गेला. त्याचा एक मित्र सुरतेला कापडाच्या गिरणीत होता, त्याच्याकडे गेला असेल. सुरत किती लांब? पाच-सहाशे किलोमीटर असेलच की. आकडा जुळला, आणि जुळलेल्या आकड्यावर कोणी पुन्हा विचार करत नाही.

त्या दिवसापासून घर उघडलं. आधी मागचं दार दिवसा उघडं राहू लागलं, मग पुढचं. तेजू संध्याकाळी चहा घेऊन ओट्यावर बसू लागली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पडीक जागा आणि तिच्यात एक जुनी बाभूळ. ती सकाळी अंगणवाडीत मदतीला जाऊ लागली. दुधवाल्याचे आकडे लिहितात तसे तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे दोन आकडे लिहायला सुरुवात केली, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा.

"सकाळी ६१२ असते," तिने प्रांजलीला फोनवर सांगितलं, "पण संध्याकाळी कधी कधी ६२६ होते. चौदा किलोमीटर अजून लांब. गिरणीतून खोलीवर जात असन."

"बघ. रोज थोडा थोडा लांब चाललाय."

"असाच गेला तर पाकिस्तानात पोचन, बाप्पा."

दोघी खूप हसल्या. बाबा आतून विचारत होते की काय झालं, आणि हसू आवरेना म्हणून दोघींपैकी कोणीच सांगितलं नाही.

६२६.४

वीस ऑगस्टला संध्याकाळी साडेसहाला तेजूचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"ताई, तो आला होता."

"कोण?"

"बाभळीखाली उभा होता. निळा शर्ट. मी पाहिला. काही बोलला नाई, नुसता पाहून राहिला. मी आत आली, खिडकीतून पाहिलं तर नव्हता."

यावर प्रांजलीने पहिल्यांदा जे विचारलं ते हेच, आणि नंतर तिला तेच सारखं आठवत राहिलं:

"आकडा किती होता?"

"सहाशे सव्वीस पॉइंट चार."

"मग तो नव्हता."

"मी पाहिला, ताई."

"तेजू, ऐक. चार वर्षं तू घाबरून काढली. ती भीती डोळ्यात राहते. कोणी पण निळ्या शर्टातला माणूस तुला तोच दिसणार. म्हणून तर यंत्र असतं, ते घाबरत नाही. आपलं मन म्हणेल तो इथे आहे, तेव्हा आकडा पाहायचा. डोळ्यावर नाही, आकड्यावर विश्वास ठेवायचा. ठेवशील?"

पलीकडे खिडकीचा पडदा सरकल्याचा आवाज आला.

"बाभळीखाली खर्र्याच्या पन्न्या पडल्या हायेत. गाठ मारलेल्या. तो गाठ मारते."

"अख्खं यवतमाळ खर्रा खाते. गाठ मारणारा एकच आहे का?"

"नाई," तेजू म्हणाली. "एकच नसन."

सप्टेंबरात तिने आणखी दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही. तिने खिडकीत उभं राहून आकडा पाहिला, ६२६.४ हिरवा, आणि मग हळूहळू, ताईने सांगितलं होतं तसं, स्वतःला समजावलं की समोर कोणी नाही.

संत्रं

लहानपणी, डिसेंबरात घरी संत्र्यांची पेटी आली की बाबा एक खेळ खेळत. बाबा, म्हणजे दिगंबर काळमेघ, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, जमिनी मोजत. ते संत्रं सोलून साल प्रांजलीसमोर ठेवत आणि म्हणत, हे पाटावर सपाट कर. फाटू द्यायचं नाही. ती दाबायची आणि साल कडेला चिरत जायचं. मोठं साल जास्त चिरायचं. एका फोडीपुरतं लहान साल घेतलं तर जवळजवळ सपाट व्हायचं.

नकाशा काढणाऱ्यांचीही हीच अडचण. पृथ्वी गोल, कागद सपाट. म्हणून त्यांनी पृथ्वीच्या उभ्या साठ फोडी केल्या, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत, प्रत्येक सहा अंश रुंद. एकेक फोड वेगळी सपाट करायची, मग ती फार फाटत नाही. त्या सपाट फोडीवर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक जागेला दोन आकडे द्यायचे: पूर्वेकडे किती मीटर, उत्तरेकडे किती मीटर. असे आकडे हाती आले की अंतर काढायला शाळेतला काटकोन त्रिकोण पुरतो. आणि असे दोन आकडे पाठवणं कड्यातल्या मुगाएवढ्या चिपलाही झेपतं.

मात्र प्रत्येक फोड आपली मोजणी नव्याने सुरू करते. त्याच आकड्यांची जागा दर फोडीत एकेक असते, साठ ठिकाणी. म्हणून आकड्यांबरोबर फोडीचा क्रमांक लिहायचा असतो.

तोच क्रमांक दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत गाळला गेला. बॅटरी चार महिने जास्त चालावी म्हणून. चाचण्या पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे झाल्या होत्या, सगळी एकाच फोडीतली. नागपुरातही नंतर काही बिघडलं नाही, कारण तिथे दोघंही पुढच्या फोडीत असत आणि वजाबाकी बरोबर येई. चूक फक्त तिथेच होणार होती जिथे बाई एका फोडीत आणि माणूस दुसऱ्या फोडीत असेल.

दोन फोडींमधली रेघ अठ्ठ्याहत्तर अंशांवर आहे. ती दिसत नाही, तिच्यावर दगड नाही, कुंपण नाही. ती यवतमाळच्या पश्चिमेला बारा-तेरा किलोमीटरवरून उभी जाते. धामणखेडात ती काळमेघांच्या घरापुढच्या रस्त्यावरून जाते.

कॅलेंडर

सव्वीस सप्टेंबरला दुपारी तेजूने कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ माझा महिना."

प्रांजली जेवणाचा डबा उघडून बसली होती. तिने फोटो मोठा केला. ६१२.८, ६१२.७, ६१२.८. संध्याकाळी ६१२.८, ६२६.४, ६१२.८, ६२६.४, ६२६.४. तिने पोळीचा तुकडा तोडला आणि तो हातातच राहिला.

तिला सुरतेचा माणूस दिसेना. माणूस इकडेतिकडे जातो. बाजारात जातो, सुट्टीला गावाबाहेर जातो, आकडा ५९० होतो, ६०४ होतो. हा फक्त दोन जागी होता. आणि तो ६२६.४ च्या पुढे एकदाही गेला नव्हता. जणू तिथे भिंत होती.

तिने वीस पूर्णांक पस्तीस शतांश अक्षांशावर एका फोडीची अर्धी रुंदी काढली. तीनशे तेरा किलोमीटर. तिची दुप्पट सहाशे सव्वीस, म्हणजे एक अख्खी फोड.

मग तिने नियम मोडून वेदांत ठोंबरेच्या कड्याची कच्ची नोंद उघडली. केंद्राच्या नकाशावर त्याचा हिरवा ठिपका होता. हिरव्या माणसांकडे तिथे कोणी पाहत नसे. ठिपका अरबी समुद्रात होता, दमणच्या किनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटर आत. सकाळी तो किनाऱ्याच्या बाजूला सरके. संध्याकाळी चौदा किलोमीटर आणखी खोल पाण्यात जाऊन उभा राही. चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं. मग परत.

तिने आकड्यांपुढे गाळलेला अंक स्वतः टाइप केला. ठिपका समुद्रातून उठला आणि बाभळीखाली पडला. सकाळचा ठिपका यवतमाळला पडला. त्याची मावशी राहत होती त्या गल्लीत.

तो यवतमाळला असे तेव्हा तेजूला ६१२ दिसे. तिच्याकडे निघाला की आकडा वाढू लागे. ६१५, ६२०, ६२५. तो जितका जवळ येई तितकं यंत्र त्याला लांब दाखवी. सहाशे सव्वीस हा सगळ्यात मोठा आकडा होता. त्या संध्याकाळी तेजू सगळ्यात निवांत असे.

एकतीस

तिच्या विभागाचे प्रमुख दातार सर घाईत निर्णय घेणारे नव्हते. त्यांनी दोनदा सगळं पाहिलं, चष्मा काढला, परत घातला.

"किती जणी आहेत रेघेजवळ?"

"राज्यात एकतीस. त्यातली एक माझी बहीण."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दुरुस्ती सोपी आहे. उद्या संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येक कड्यात पोचेल. तोवर हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

"सर, उद्यापर्यंत?"

"तू सांगितलंस तर कोणाकोणाला कळेल, विचार कर. ती शेजारणीला सांगेल, शेजारीण गावाला. ज्याच्या पायात कडं आहे त्याला संध्याकाळपर्यंत कळेल की रेघेपलीकडे आपण कोणाला दिसत नाही. आज हे त्यातल्या किती जणांना माहीत आहे? एखाद्याला. उद्या एकतीस जणांना. चोवीस तास. मी कंपनीसाठी बोलत नाहीये, प्रांजली."

वाईट हे होतं की ते खरं बोलत होते. प्रांजली जागेवर येऊन बसली. पावणेसहा वाजले होते. तिने ठाण्यात फोन लावला.

"मॅडम, मी पाहून राहिलो ना," हवालदार म्हणाला. "ठोंबरे हिरवा हाये. सहाशे सव्वीस."

"तो आकडा चुकीचा आहे. मी कडं बनवणाऱ्या कंपनीतूनच बोलतेय."

"मग तुम्हीच सांगा ना कड्याले. आमच्याकडे लाल झाल्याशिवाय गाडी निघत नाई."

सहाशे सव्वीस. हवालदाराने आत्ताचा आकडा वाचला होता. तिने तेजूला फोन लावला.

तीन साखळ्या

"बोल, ताई." तेजूचा आवाज मोकळा होता. मागे कपबशी वाजली. ती ओट्यावर होती.

"आत जा. दार लाव."

"काऊन? आज तर सहाशे—"

"तेजू, दार लाव आधी. दोन्ही दारं. मग सांगते."

कडी लागल्याचा आवाज आला. मग दुसरी. प्रांजलीने सांगितलं. संत्रं नाही, फोडी नाही, एवढंच: आकडा खोटा आहे, तो सुरतेला नाही, यवतमाळला आहे, आणि सहाशे सव्वीस असेल तेव्हा तो बाभळीखाली असतो. अशा एकतीस जणी आहेत.



"मग मी पाहिला तो तोच होता," तेजू म्हणाली.

"हो."

"तिन्ही वेळा."

"हो."

"तू म्हणाली भीती हाये."

प्रांजलीने विचारलं, "बाबा कुठे आहेत?"

"बाबा..." पावलं, खिडकीचा पडदा. "ताई, बाबा बाहेर हायेत. कोठीतून साखळी घेऊन चालले. तो हाये तिथं. निळा शर्टच हाये."

"त्यांना आत बोलव."

तेजूने खिडकी उघडली. पण बाबांना तिने हाक मारली नाही. फोन खिडकीत ठेवला असावा, कारण आता बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. लोखंडी कड्या जमिनीवरून ओढल्याचा खणखणाट. आणि बाबांचा आवाज, शेतात मोजणीच्या वेळी असायचा तसा, चार बांध ओलांडून जाणारा:

"बंडूभाऊ, सुलभावहिनी, जरा या इकडे. पंच पाहिजेत दोन."

"काय मोजता, काका?" शेजारच्या सुलभावहिनींचा आवाज.

"उंबरठा ते बाभूळ. वहिनी, हे टोक उंबऱ्यावर धरा. घट्ट. हां. एक साखळी."

खणखणाट.

"दोन साखळ्या."

प्रांजलीने बाबांना असं चालताना शंभरदा पाहिलं होतं, दर साखळीला खाली वाकून खूण करत, कोणाची घाई न करता. भांडणाऱ्या भावांच्या मधून ते असेच चालत. त्यांच्या पंचनाम्यावर सही करायला दोन्ही भाऊ कुरकुरत, पण करत.

"तीन साखळ्या. जावईबापू, हलू नका. तुम्ही हलले तर माप चुकते."

मग वेदांतचा आवाज, मऊ, हसरा: "बाबा, मी कुठं आलो? मी तर लांब हाये. वाजलं का काही? आलो असतो तर वाजलं असतं. तुमच्या मोठीले विचारा, तिचीच मशीन हाये."

"मी तिले नाई विचारत. मी मोजून राहिलो. बंडूभाऊ, तुम्हाले इथं कोण दिसते?"

"ठोंबरे दिसते. तेजूचा नवरा."

"वहिनी, तुम्हाले?"

"तोच हाये."

"लिहून घेतो. तीन साखळ्या, पंधरा आणे." थोडा वेळ फक्त पेनचं टोपण. मग बाबा म्हणाले, "आता तुम्ही सही करा, जावईबापू. समक्ष हजर म्हणून."

सही झाली नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ती पूर्वेकडे गेली. केंद्राच्या नकाशावर हिरवा ठिपका समुद्रात किनाऱ्याच्या दिशेने सरकला.

तेजूने फोन उचलला. प्रांजली रडत होती, तेजू नव्हती.

"तू म्हणाली एकतीस जणी हायेत."

"हो."

"बाकीच्या तीस जणींले कोण सांगते?"

"उद्या संध्याकाळी दुरुस्ती होईल, तेजू. आज सांगितलं तर त्यांच्या नवऱ्यांना—"

"त्यांनी पण पाहिला असन," तेजू म्हणाली. "त्यांले पण कोणीतरी सांगितलं असन, तो नाई म्हणून." आणि तिने फोन ठेवला.

तीस

प्रांजलीने तीस नंबर काढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येकीला एकच वाक्य: आकड्यावर जाऊ नका, दार लावा, घरात दोन माणसं बोलावून घ्या. नऊ वाजेपर्यंत अठ्ठावीस जणींशी बोलणं झालं. एकीचा फोन बंद होता. एकीचा वाजत राहिला.

अठ्ठावीसपैकी अकरा जणी म्हणाल्या, आम्ही त्याला पाहिलं होतं. एक म्हणाली, ठाण्यात तीनदा सांगितलं, ते म्हणाले हिरवा आहे. एकीने फक्त विचारलं, "म्हणजे मी वेडी नाही ना?"

वाजत राहिलेला फोन दुसऱ्या दिवशी सकाळी उचलला गेला. ती सुखरूप होती. तिनेही पाहिलं होतं.

बंद असलेला फोन किनवटकडचा होता. तो पुन्हा सुरू झाला का ते प्रांजलीला कळलं नाही, कारण सकाळी दहा वाजता तिच्याकडून नोंदी पाहायचा अधिकार काढून घेतला, आणि महिनाअखेर नोकरीही. दातार सरांनी ती जाताना दारापर्यंत सोबत केली. त्यांच्यात राग नव्हता. ते म्हणाले की त्या चोवीस तासांत काय झालं असतं ते आता कोणालाच कळणार नाही, तुलाही आणि मलाही.

साक्ष

कोर्टात वेदांतच्या वकिलाने कड्याची नोंद दाखल केली. त्या संध्याकाळी आपला अशील दमणच्या पश्चिमेला समुद्रात होता हे त्यांनाही म्हणायचं नव्हतं. ते एवढंच म्हणाले की तो धामणखेडला नव्हता असं सरकारमान्य यंत्र सांगतं, आणि समोर आहे सत्तरीच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या सासऱ्याने गंजक्या साखळीने घेतलेलं माप.

प्रांजली साक्षीला उभी राहिली आणि आपल्या गणितात काय चूक होती ते तिने सांगितलं. न्यायाधीशांनी टेबलावर संत्रं नसल्यामुळे कागदाचा बोळा करून समजावून घेतलं. साखळीचं माप तिने भूमी अभिलेखच्या नव्या मोजणी यंत्राने तपासून घेतलं होतं. फरक चार इंचांचा होता.

वेदांतला सहा महिने झाले. त्यातले तीन त्याने आधीच काढले होते.

तेजू नागपूरला गेली. वसतिगृहात मुलींची देखरेख करते. फोनमधून तिने तो आकडा काढून टाकला. कोर्टाने समज दिली तरी परत घेतला नाही. प्रांजली दर रविवारी फोन करते. कशी आहेस विचारते. "बरी हाये," तेजू म्हणते, आणि ते खरं आहे का हे प्रांजलीला विचारता येत नाही. पूर्वी तेजू काही दिसलं की आधी ताईला सांगायची. आता सांगत नाही.

निकालानंतरच्या दिवाळीत प्रांजली धामणखेडला गेली तेव्हा बाबांनी मोजणीची वही तिच्यासमोर ठेवली आणि ते चहा करायला आत गेले. उंबरठा ते बाभूळ हे माप वहीत दोनदा लिहिलेलं होतं. दोन्ही वेळा तीन साखळ्या, पंधरा आणे. दुसऱ्यावर पंचांच्या सह्या होत्या.

पहिलं माप अकरा ऑगस्टचं आहे, तेजूने त्याला पहिल्यांदा पाहिलं त्याच्या नऊ दिवस आधीचं. त्या दिवशी बाबांनी प्रांजलीला दोनदा फोन केला होता. तिने उचलला नव्हता.